रिद्धपूरची दफ्तरे

अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय, असे सांगून भरतमुनींनी त्याचे जे विभाव, म्हणजे तो जागवणारी कारणे, दिले, त्यांत दिव्य जनांचे दर्शन, विमान, माया, इंद्रजाल अशा असामान्य कोटीतल्या गोष्टी आहेत. आणि आपणही असेच धरून चालतो की, ज्याला विस्मयाचा आनंद हवा, त्याने घर, शेत आणि अकोल्याच्या बाजारातले कापसाचे भाव मागे टाकून कोठेतरी दूर जावे. या समजुतीला सर्वांत समर्थ उत्तर, माझ्या मते, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरने तेराव्या शतकातच दिले आहे.

तेथे चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू राहत. कोणी त्यांना वेडे म्हणत, कोणी मायबाप समजून अडीअडचणीला हाक मारीत. ते मुलांत खेळत, वाटेल त्या घरी शिरून समोर असेल ते खात, अंत्यजांच्या वस्तीत निःसंकोच वावरत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि त्यांचा परिवार याच गावी येऊन राहिला, आणि येथेच शके १२०० च्या सुमारास याच परिवारातील म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्रा’चे कार्य हाती घेतले. ज्याने पाहिले त्याची जबानी घ्यावी, नागदेवाचार्यांकडून तिची रुजुवात करून घ्यावी, दोघांच्या स्मरणात तफावत पडली तर तीही दाखल करावी, अशी ती चोख पद्धत; आणि एवढा तपशील कशाचा, तर स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले याचा!

यावर कोणी म्हणेल की, परमेश्वराचे जेवण म्हणूनच त्या जेवणाचे कौतुक. नित्याच्या वस्तूचा त्यात काय सन्मान? आक्षेप खरा आहे, कारण महानुभाव प्रपंचाला परमेश्वराहून सर्वस्वी भिन्न पदार्थ मानतात. याच जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज, तान्हेपणीच दृष्टी गेलेले, १८८१ ते १९१५ एवढेच आयुष्य लाभलेले, आपल्या मधुराद्वैतात ऐक्याच्या पोटीही प्रेमाला जागा ठेवतात, ती वाट निराळी. हे दोन पक्ष शास्त्रार्थात जुळणार नाहीत, आणि ओढूनताणून जुळवण्यात मला रसही नाही. परंतु परमेश्वराचे जेवण जतन करायचे, तर ताटातला पदार्थ, वाढणारा हात आणि घराचे अंगणही जतन करावे लागते, आणि त्यामुळे त्या काळाचा सगळा संसार सिद्धांताची परवानगी न विचारता त्या पोथ्यांत शिरला आहे.

मला खरी अडचण दुसरीच वाटते. लीळाचरित्र हे विरहाचे अपत्य आहे. स्वामी दृष्टीआड झाले, आणि मग त्यांच्या प्रत्येक हालचालीचे मोल भक्तांना उमगले. आपल्याही घरी हेच घडते: आजी गेल्यावर तिच्या भाकरीची चर्चा होते. माणूस समोर असताना, आजचाच दिवस चालू असताना, हे कौतुक साधेल काय? साधते, याचीही साक्ष रिद्धपूरच देते. गोविंदप्रभूंनी एकदा लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा कोणी त्यांना समजावीत बसले नाही. भक्तांनी विवाहाची तयारी मांडली, आणि त्यांच्यातील महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे, म्हणजे विवाहगीते, रचून, ज्यांच्यासाठी ते रचले त्या गोविंदप्रभूंसमोरच गाइले. मराठीच्या आद्य कवयित्रीने त्यासाठी विरहाची वाट पाहिली नाही.