पत्र्यावरचं पान

भाद्रपदातली अमावास्या. दुपारचे बारा वाजून गेलेत.

कर्जतहून चौककडे येताना लागणाऱ्या एका गावात, घराच्या पायरीवर बसा. पायरी ओली आहे. असू द्या.

डोक्यावर पडवीचा पत्रा. त्यावर आत्ताच कुणीतरी केळीचं पान ठेवून गेलंय. इथून ते दिसत नाही.

डोळे मिटा. आता बघा.

भात. वरण. तांदळाची खीर. वडे. अळूची भाजी, कारलं, लाल भोपळा. कडेला आमसुलाची चटणी.

एवढंच. एक पान, आणि वर आभाळ.

श्वास घ्या. सोडा.

अंगणातून कुणी साद घालतं, काव, काव. ती हाक ऐका. हाक विरते, तेही ऐका.

कावळ्याला आपल्या घड्याळाशी देणंघेणं नाही. सकाळपासून उपाशी असलेल्या घराला मात्र असतं. मागे भांडं वाजतं. पोरगं कुरकुरतं. पुन्हा शांत.

बसून राहा.

तर्पणात तीन पिढ्यांची नावं घेतात. तुम्हीही घ्या, मनातल्या मनात. वडील. आजोबा. पणजोबा…

आणि पणजी?

अडखळलात ना. मीही इथेच अडखळतो. थांबा तिथेच. नाव नाही, चेहरा नाही, तरी कुणीतरी आहे.

पंधरवड्यात ज्याची त्याची तिथी असते. जिची तिथी कुणालाच ठाऊक नाही, तिच्यासाठी आजचा दिवस. सर्वपित्री.

श्वास घ्या. सोडा.

आता डोळे उघडा. खाचरात हळवं भात पिवळं पडू लागलंय, गरवं अजून हिरवं. त्याच्या पलीकडे, ढगात अर्धा बुडालेला इर्शाळगड.

19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. चार दिवसांनी शोध थांबला. 57 माणसं सापडलीच नाहीत.

त्यांच्या रीती त्यांच्या. आपण फक्त डोंगराकडे बघू.

ढग सरकतो. बघत राहा.

दूरदेशी विक्का पंथाची माणसं 31 ऑक्टोबरच्या रात्री साउइन पाळतात. उन्हाळा सरल्याचा, गेलेल्यांच्या आठवणीचा सण. त्यांच्यातले काहीजण एक ताट जादा वाढतात, आणि मग सगळे न बोलता जेवतात.

न बोलता.

तशीच शांतता इथे आहे. पागोळीचा उरलेला एखादा थेंब. लांब कुठेतरी गाडीचा भोंगा. खिरीतल्या वेलचीचा वास.

पान आठवा. त्यावरची वाफ आता गेली असेल.

श्वास घ्या.

पत्र्यावर टक.

थोड्या वेळाने, पुन्हा टक. नखं असावीत.

वर बघू नका.