दार उघडण्यापूर्वी

जी स्पर्धा अजून भरतच नाही, तिच्यासाठी मुलीकडून घाम गाळून घ्यावा काय? प्रश्न क्रीडेचा दिसतो. खरा तो नीतीचा आहे.

आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी खासबाग मैदान १९१२ साली उभारले. 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ पासून सुरू झाली. महिलांची पहिली गदा मात्र सांगलीला प्रतीक्षा बागडीने उचलली, ती २०२३ साली! तिला डाव शिकवले गेले ते ही गदा नसतानाच.

साता समुद्रांपलीकडेही हेच. अमेरिकेतील इमॅक्युलाटा हे तेव्हा नन्सनी चालवलेले लहानसे कॅथलिक महिला महाविद्यालय होते. कॅथी रश या तरुण प्रशिक्षिकेच्या मुलींनी टूथब्रश विकून प्रवासखर्च जमवला आणि मार्च १९७२ मध्ये बास्केटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद आणले. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा कायदा झाला, तो त्यानंतर जूनमध्ये.

व्यवहारी माणूस विचारील, दार उघडलेच नाही तर तिची उमेदीची वर्षे कोण परत देणार? आक्षेप हलका नाही. कोणीच देणार नाही. पण न शिकवणे म्हणजे दार लावून घेणाऱ्यालाच हातभार लावणे. म्हणून शिकवणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात : दार बंद आहे, हे तिच्यापासून लपवू नये, आणि ते बंद आहे म्हणून शिकवण्यात काटकसर करू नये. पुढची निवड तिची.