हत्यारावरचें प्रेम

दसऱ्याच्या दिवशीं आमच्या कोंकणांतल्या घरीं ओटीवर पाट मांडून हत्यारांची पूजा करण्याचा प्रघात आहे. कोयता, विळा, पहार, आजोबांच्या वेळची एक करवत, आणि घरांतला एक माणूस प्राध्यापकी करतो म्हणून शेजारीं दोनचार पुस्तकें, असा तो थाट असतो. २०२२ सालच्या दसऱ्याला या रांगेंत एक नवें हत्यार येऊन बसलें. आमच्या वाडींत झाडें तोडण्याचीं कामें घेणारा एक गृहस्थ आहे; त्याचीं हत्यारें आमच्याच पडवींत असतात. त्यानें आपली पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत (कोंकणांत तिला सरसकट 'कटर' म्हणतात) पुसून लखलखीत करून पाटावर ठेवली आणि तिच्या मुठीला झेंडूची माळ घातली. काकूंनीं नेहमींच्या हातानें तिलाहि हळदकुंकू वाहिलें. मी मात्र क्षणभर अडखळलों. कोयत्याला नमस्कार करतांना जो हात कधीं अडला नव्हता, तो या यंत्रापुढें कां अडावा? झाड तर कुऱ्हाडीनेंहि पडतें. तो प्रश्न मीं त्या दिवशीं बाजूला सारला. परंतु तो गेला नाहीं. कारण या यंत्रावर जिवापाड प्रेम करणारीं माणसें मीं त्यापूर्वींच पाहिलीं होतीं, आणि तीं मला आवडलीं होतीं.

२०१७ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत, पोर्टलंड शहरीं, माझ्या भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्याच्या शेजारीं सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत. तरुणपणीं त्यांनीं डग्लस फरच्या जंगलांत लांकूडतोडीचें काम केलें होतें. निवृत्तीनंतर घरामागच्या कोठारांत जुन्या, मोडक्या साखळी-करवती दुरुस्त करण्याचा छंद त्यांनीं आरंभिला, आणि दर शनिवारीं त्यांच्यासारखेच पांचसात छांदिष्ट तेथें जमूं लागले. एक दंतवैद्य, एक शाळामास्तर, एक ट्रकचालक. भिंतीवरच्या फळ्यांवर मॅकलॉक, होमलाइट, श्टील, हुस्कवार्ना अशा नांवांच्या चाळीसपन्नास करवती मांडलेल्या होत्या. त्यांतल्या कित्येक कोणाच्या तरी अडगळींतून, गंजलेल्या व उंदरांनीं घर केलेल्या अशा आलेल्या. हे लोक त्या सुट्या करीत, पेट्रोलनें कडक होऊन गेलेल्या रबरी नळ्या बदलीत, कार्ब्युरेटरमधला पातळ पडदा नवा घालीत, दट्ट्यावर पडलेले ओरखडे नखानें चांचपून पाहत आणि अर्धाअर्धा तास त्यावर चर्चा करीत. आमच्याकडे जुन्या पोथींतल्या पाठभेदावर जितक्या पोटतिडिकेनें वाद होतात, तितक्याच पोटतिडिकेनें तेथें एका स्क्रूच्या पाव वळशावर वाद चाले.

या यंत्राचा इतिहासहि त्यांनींच मला प्रथम सांगितला, आणि तो विलक्षण आहे. साखळीला दांत लावून कापण्याची युक्ति मूळ लांकडासाठीं नव्हतीच. ती हाडासाठीं होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस एटकिन व जेफ्री या स्कॉटलंडमधील दोन वैद्यांनीं अडलेल्या बाळंतपणांत व कुजलेलें हाड काढण्यासाठीं अशी लवचीक करवत वापरली. पुढें १८३० च्या सुमारास जर्मनींत बर्नहार्ड हाइन यानें पातीभोंवतीं फिरणारी, हातानें चालवावयाची साखळी बनविली. तीहि शस्त्रवैद्याच्याच उपयोगाची. लांकडाकडे हें यंत्र वळलें तें जवळजवळ शंभर वर्षांनीं. १९२६ सालीं आंद्रेआस श्टील यानें विजेवर चालणारी करवत केली, आणि १९२७ सालीं एमिल लेर्प यानें थुरिंगियांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखविली. हीं यंत्रें इतकीं जड होतीं कीं तीं चालवावयास दोन माणसें लागत. शिवाय साखळीचे दांत लवकर बोथट होत. तो प्रश्न सुटला तो एका किड्यामुळें. १९४६ सालीं ओरेगनमधील जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यानें ओंडका पोखरीत जाणारी एका भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या वांकड्या जबड्यांनीं एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे असें लांकूड खात चालली होती. त्यानें तसेच वांकडे दांत साखळीला बसविले आणि १९४७ सालीं पोर्टलंडमध्येंच, आपल्या घराच्या तळघरांत, ती साखळी तयार करावयास आरंभ केला. आज जगांत जी साखळी फिरते ती बहुतेक या अळीचीच वंशज आहे. झाडाच्या नाशाची विद्या माणूस झाडांतल्याच किड्यापासून शिकला, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु मला सर्वांत अधिक शिकविलें तें या यंत्राचा 'सूर' लावण्याच्या कलेनें. या करवतीच्या इंजिनाला वंगणाची निराळी सोय नसते. तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें, बहुधा पन्नास भागांस एक भाग. तेव्हां यंत्राला जें अन्न तेंच वंगण. कार्ब्युरेटरवर बारीक स्क्रू असतात, आणि त्यांपैकीं एकानें पूर्ण वेगाच्या वेळीं किती पेट्रोल आंत जावें तें ठरतें. हा स्क्रू हळूहळू आंवळीत गेलें कीं पेट्रोल कमी व हवा अधिक होते. इंजिनाचे फेरे वाढतात, मिनिटाला बारा-तेरा हजारांच्या पुढें जातात, आणि आवाज स्वच्छ, बारीक, अगदीं गोड होऊं लागतो. माझ्यासारख्या नवख्याला वाटलें, आतां यंत्र सुरांत आलें! म्हाताऱ्या गृहस्थांनीं चटकन हात पुढें करून स्क्रू उलटा फिरविला. ते म्हणाले, "हा गोड आवाज मरणापूर्वींचा आहे." पेट्रोल कमी झालें म्हणजे तेलहि कमी झालें, दट्ट्या तापतो, सिलिंडरला घासतो, आणि त्या गोड आवाजांतच यंत्राचा शेवट होतो. म्हणून जाणता माणूस स्क्रू थोडा सैल सोडतो. मोकळ्या वेगांत यंत्र जरा अडखळावें, घशांत गुरगुर असावी, आणि दांत लांकडांत शिरून भार पडला कीं ती गुरगुर निवळावी. इतकें साधलें म्हणजे जुळणी बरोबर झाली. आपण तंबोरा लावतों तो पूर्ण सुरापर्यंत नेऊन. येथें यंत्र जाणूनबुजून सुराच्या किंचित् अलीकडे ठेवावयाचें. जें सर्वांत चांगलें ऐकूं येतें त्याच्या एक पाऊल मागें थांबावयाचें, ही संयमाची शिकवण मला एका करवतीकडून मिळेल असें कधीं वाटलें नव्हतें.

हे गृहस्थ जुळणी बोटांपेक्षां कानानें अधिक करीत, त्याला दुसरेंहि एक कारण होतें. जुन्या करवतींना मुठीचा कंप शोषून घेणारीं रबरें नसत. त्या वर्षानुवर्षें हातांत धरणाऱ्यांच्या बोटांतील रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. थंडींत बोटें पांढरीं पडतात, बधिर होतात. त्यांचीं तशीं झालीं होतीं. आणि आपलीं बोटें ज्यांनीं नेलीं त्याच जातीच्या करवती ते आतां मायेनें पुसून, तेल देऊन, फळीवर ठेवीत होते. राग येत नाहीं काय, असें मीं विचारलें. "कोणाचा?" एवढेंच ते म्हणाले.

हे सगळे साधुपुरुष होते असें मात्र नव्हे. हवा दूषित होऊं नये म्हणून अमेरिकेच्या सरकारनें केलेल्या नियमांमुळें नव्या करवतींचे हे स्क्रू ठराविक मर्यादेपलीकडे फिरूं नयेत अशी सोय कारखान्यांतच केलेली असते. छांदिष्ट मंडळी ती बिनदिक्कत काढून टाकीत, आणि धूर सोडणारें तोंडहि कानशीनें रुंद करीत. कां, तर थोडा अधिक जोर मिळावा. इतक्या निरागस चेहऱ्यानें कायदा मोडलेला मीं अन्यत्र पाहिला नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. एका शनिवारीं त्यांनीं एक मोठा ओंडका आणून आडवा टाकला आणि प्रत्येकानें आपापली करवत त्यावर चालवून पाहिली. एकजण घड्याळ धरून सेकंद मोजीत होता. ओंडक्याच्या पातळ चकत्या भराभर गवतावर पडत होत्या. कोणाची करवत किती सेकंदांत पार झाली, भुसा जाड निघाला कीं पिठासारखा, यावर हास्यविनोद चालले होते. मीं विचारलें, या चकत्यांचें पुढें काय? त्या भागांत लांकडावर घर ऊब धरणारीं कुटुंबें आहेत, आणि या मंडळींपैकीं कांहीं जण हिवाळ्यापूर्वीं म्हाताऱ्याकोताऱ्यांना सरपण फोडून फुकट पोंचवितात, हें मला माहीत होतें. मला तेंच उत्तर अपेक्षित होतें. परंतु ते गृहस्थ प्रामाणिक होते. ते म्हणाले, "या चकत्या चुलींत जातील, पण ओंडका चुलीसाठीं आणला नव्हता. तो करवतीसाठीं आणला."

साधन हें साध्यासाठीं असतें, हें आपण इतक्या सहज बोलतों कीं त्याचा उलटा प्रकार समोर दिसला म्हणजे डोळे उघडतात. येथें झाड हें करवतीचें साधन झालें होतें. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या आरंभींच लगाम करणाऱ्याचें उदाहरण घेतलें आहे. लगामाची कला अश्वविद्येच्या हाताखालीं, अश्वविद्या युद्धकलेच्या हाताखालीं. खालच्या कलेचा बरेवाईटपणा वरच्या कलेच्या हेतूनें ठरावयाचा. या हिशेबानें ज्याला घोड्याशीं कर्तव्य नाहीं असा लगामवेडा माणूस हास्यास्पदच ठरेल. पण मला तें उत्तर पुरत नाहीं. जुनी तरवार भिंतीला टांगणारा माणूस रक्त सांडीत नाहीं. त्याचें तरवारीवरचें प्रेम निरुपद्रवी होऊं शकतें. करवतीचें तसें होत नाहीं. ती दुरुस्त झाली कीं नाहीं हें लांकूड कापल्यावांचून कळतच नाहीं. तिच्यावरचें प्रेम कितीहि निर्हेतुक असो, त्याला ओंडका हा लागणारच.

महाभारताच्या वनपर्वांत धर्मव्याधाची कथा आहे. मिथिला नगरींत मांस विकणारा तो व्याध कौशिक ब्राह्मणाला धर्म सांगतो, आणि सांगतां सांगतां म्हणतो कीं, मी स्वतः मारीत नाहीं. दुसऱ्यांनीं मारलेलें विकतों. लहानपणीं हें वाक्य मला पळवाटेसारखें वाटे. पुढें लक्षांत आलें कीं तो तेथें थांबत नाहीं. आपलें कर्म घोर आहे हेंहि तो कबूल करतो. माझ्या मतें त्याचें सारें मोठेपण या दुसऱ्या कबुलींत आहे. ओरेगनच्या त्या वृद्धाचेंहि तेंच. त्यांनीं सरपणाचा आडोसा घेतला असता तर मीं तो मानला असता, आणि त्यांना विसरलोंहि असतों.

आणि मी तरी कोण? तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आलों. मुलांच्या बुद्धीला धार लावली, आणि ती धार कशावर चालली याची चौकशी क्वचितच केली. परीक्षेच्या कागदावर भुसा जाड पडला कीं आम्ही संतुष्ट! उत्तम धार लावणें हें जणू धार कोठें वापरावी या प्रश्नाचें उत्तरच आहे, अशा समजुतींत आम्हां शिक्षकांचें आयुष्य जातें. कोठारांतल्या त्या मंडळींना नांवें ठेवण्याचा अधिकार मला कमीच.

२०२३ च्या मे महिन्यांत आमच्या घराशेजारचा फणस पाडला. तो घरावर कलला होता. फांद्या छाटल्या तर आणखी दोन पावसाळे निभावतील, असें तोडणाऱ्या गृहस्थानेंच मला सांगितलें होतें. परंतु माझी सुटी संपत आली होती, परवानगीचा कागद हातांत होता, आणि दोन वर्षांनीं पुन्हां ही यातायात कोण करणार, असा विचार करून मीं होकार दिला. पूर्वीं असें झाड कुऱ्हाडीनें व दोघांनीं ओढावयाच्या करवतीनें पाडावयाचें म्हणजे दोन गड्यांचा दिवस जाई. मी सातआठ वर्षांचा असतां आजोबांनीं विहिरीवरचा आंबा असाच तोडावयास दिला होता. दुपारीं जेवून ते बाहेर आले, अर्धवट खांच पडलेल्या झाडाकडे पाहत थोडा वेळ उभे राहिले आणि गड्यांना म्हणाले, "राहूं द्या." तो आंबा अजून उभा आहे. कुऱ्हाडीच्या त्या खांचेच्या कडा सालीनें आंत गुंडाळत आणल्या आहेत. आजोबा माझ्याहून दयाळू होते असें मला वाटत नाहीं. त्यांना दुपारपर्यंतचा वेळ मिळाला होता. फणसाला अर्धा तास लागला. करवत उत्तम जुळलेली होती. मोकळी असतां घशांत गुरगुरे, आणि लांकडांत शिरतांच आवाज निवळे. मला तो आवाज ओळखूं आला आणि, खरें सांगावयाचें तर, क्षणभर आनंदहि झाला. झाड पडलें तेव्हां बुंधा आंतून हळदीसारखा पिवळा, अगदीं निरोगी निघाला.

आवाज थांबल्यावर काकू ओटीवरून उतरून आल्या. त्यांच्या हातांत तांब्या होता. "झालं सुद्धा?" त्या म्हणाल्या. "मला एकदा हात लावायचा होता रे त्याला."

तो गृहस्थ नव्या बुंध्यावर बसून कानशीनें साखळीचे दांत घाशीत होता. एकेका दात्याला तीन घांस, एकाच दिशेनें, एकाच तिरकसपणानें. त्यानें मान वर केली. "काकी, सांगितलं असतंत तर थांबलो असतो की," तो म्हणाला, आणि कोणता दांत झाला व कोणता राहिला तें पुन्हां पहिल्यापासून मोजूं लागला.