सवलतीची वेगळी विहीर

विद्यापीठाचं शिक्षण सगळ्यांना फुकट असावं काय? हा प्रश्न काढला की खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस तो आपल्याच अंगावर ढकलतो. तुम्हाला तर आहेच की फुकट! सरकारचे जावई तुम्ही! हे ‘जावई’ ऐकत ऐकत आपल्या पिढ्या कॉलेजच्या पायऱ्या चढल्या. दोस्तहो, जावयाला पाटावर बसवतात. ह्या जावयाला खिडकीपुढं उभं करतात. जातीचा दाखला आण, उत्पन्नाचा आण, जात वैधता आण, मधलं एखादं वर्ष बुडालं असेल तर ते का बुडालं ह्याचं प्रतिज्ञापत्र आण. मग भर वर्गात शिपाई कागद घेऊन येतो आणि सर वाचतात, स्कॉलरशिपवाले उभे रहा. चारदोन पोरं उभी राहतात, बाकीची बघत बसतात. त्या एका मिनिटात जे शिकवलं जातं ते कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, पण जन्मभर पाठ राहतं.

आणि फुकट म्हणजे किती फुकट? २०२४ सालची गोष्ट घ्या. मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका दलित मजुराच्या पोराचा धनबादच्या आयआयटीत नंबर लागला. आयआयटीत आपल्या पोरांना शिकवण्याची फी माफ आहे. पण जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, २४ जूनच्या संध्याकाळी पाचच्या आत. बाप गावात फिरला, पैसे गोळा केले, तोवर पाच वाजून गेले. संगणकानं दार लावून घेतलं. पोरगं ह्या दारातून त्या दारात हिंडलं. शेवटी ३० सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं घटनेच्या १४२ व्या कलमातला खास अधिकार वापरून त्याला जागा द्यायला लावली. साडेसतरा हजारांसाठी देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट लागलं! जी पोरं त्या कोर्टाच्या पायरीपर्यंत पोचत नाहीत, त्यांची गणती कोण करतं?

म्हणून मी म्हणतो, सवलत नको, सगळ्यांनाच फी माफ करा. पण इथं आपलाच एक माणूस आडवा येतो आणि त्याचं ऐकल्याशिवाय पुढं जाता येत नाही. १८८२ साली जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामानं आणि त्यातून शिकतात वरच्या जातींची पोरं. आधी निदान बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. (देशाचा कायदा म्हणून हे लागू व्हायला २०१० साल उजाडलं. घाई कसली आहे!) आजही शेतमजुराची बाई साबण घेते त्यावर कर भरते. त्या करातून मलबार हिलच्या पोरालाही फुकट डिग्री द्यायची काय? हा सवाल ज्याला टोचत नाही त्यानं फुले वाचलेच नाहीत.

मला टोचतो. तरी माझं उत्तर वेगळं आहे. मलबार हिलच्या पोराच्या बापाकडून घ्यायचं ते भरपूर घ्या, पण ते करात घ्या. कॉलेजच्या खिडकीवर घेऊ नका. खिडकीवर घ्यायला लागलात की कोण भरणार आणि कोण नाही ह्याची यादी करावी लागते. यादी झाली की दोन रांगा होतात. आणि ह्या देशात दोन रांगांतली खालची कुणाची, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फुल्यांचं भांडण होतं ते आत फक्त एकाच थरातली पोरं बसतात म्हणून. तेव्हा राखीव जागा मात्र जागच्या जागी राहतील. फी हा पैशाचा प्रश्न आहे, जागा हा सत्तेतल्या वाट्याचा. दोन्हींची खिचडी करून कुणी वाढली तर ताट सरकवून द्या.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं १४ आणे आणि दारूवरच्या अबकारीतून माणशी काढतं दोन रुपयांच्या वर, हा हिशेब त्यांनी मांडला. कॉलेजच्या खर्चाचा मोठा भाग पोरांच्या फीतून वसूल करण्यालाही त्यांचा विरोध होता. शिक्षण हे दिलं-घेतलं असं तोलायचं खातंच नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि त्याच महिन्यात महाड झालं. चवदार तळं नगरपालिकेनं कागदावर आधीच खुलं केलेलं होतं. आपली माणसं तिथं नुसती तहान भागवायला गेली नव्हती. आम्हाला एक वेगळी विहीर खणून द्या, असं कुणी म्हटलं नाही. जे सगळ्यांचं तेच आमचं, म्हणून ओंजळ भरली.

सवलत ही वेगळी विहीर आहे. तिचं पाणी आपण प्यालो, त्यावर जगलो, हे खरंच आहे. तिच्यावाचून हा अंक काढणारे आणि वाचणारे निम्मे कुठं असते? पण वेगळ्या विहिरीचं पाणी किती सोडायचं, कधी सोडायचं, हे दुसरा ठरवतो. बापाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की स्कॉलरशिपमधला निर्वाहभत्ता बंद! म्हणजे झाडूवाला कायम झाला की पोराची खानावळ तुटली. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं केलं. पण पुन्हा दाखला, पुन्हा तहसील, पुन्हा खिडकी. आणि १९८३ पासून विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांचं जे पीक आलं, तिथं तर तळंच विकायला काढलं.

फी गेली म्हणजे सगळं झालं असंही नाही. भाकरी आहे, खोली आहे. रोहित वेमुलानं जानेवारी २०१६ मध्ये शेवटचं पत्र लिहिलं त्यात सात महिन्यांची फेलोशिप यायची आहे, १ लाख ७५ हजार, असं लिहिलं होतं. एका मित्राचे ४० हजारांच्या आसपास देणं आहे, हेही लिहिलं होतं. संशोधन करणारा पोरगा मित्राच्या उधारीवर दिवस काढत होता. तेव्हा मागायचं तर फीमाफीबरोबर सरकारी वसतिगृह मागा, खानावळ मागा, आणि तीही सगळ्यांना एकच, एका पंगतीत.

हे होईतोवर १९४४ पासून चालत आलेली स्कॉलरशिप कुणी ‘आता सगळे समान’ म्हणत बुजवायला आला, तर त्याला आधी एवढंच विचारा, बाबा रे, ह्या महिन्याचं खानावळीचं बिल कोण भरणार?