ॲनीला कळायला हवे होते

‘टुमारो इज फॉरेव्हर’ हा १९४६चा कृष्णधवल हॉलिवुडपट ग्वेन ब्रिस्टो यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. पहिल्या महायुद्धात मेला म्हणून ज्याची बातमी घरी आली, तो जॉन वीस वर्षांनी परततो. चेहरा बदललेला, नाव बदललेले, दाढी आणि हातात काठी. पत्नी एलिझाबेथचा दुसरा संसार रुजला आहे. जॉनचा मुलगा दुसऱ्यालाच वडील मानून वाढला आहे. एलिझाबेथला ओळख पटू लागते आणि ती त्याला सरळ विचारते. तो नाही म्हणतो, आणि ते गुपित घेऊनच मरतो. जॉन झालेले ऑर्सन वेल्स आणि एलिझाबेथ झालेल्या क्लॉडेट कोल्बेर यांनी तो प्रसंग असा केला आहे की डोळे भरून येतात. पण डोळे पुसल्यावर मला त्या नकाराचा राग येतो. ज्या बाईने त्याला अचूक ओळखले, तिलाच त्याने खोटे पाडले.

ही गोष्ट मुळात इंग्रज कवी टेनिसनची. १८६४च्या ‘ईनॉक आर्डन’ या दीर्घ काव्यातला खलाशी जहाज फुटून वर्षानुवर्षे निर्जन बेटावर अडकतो. गावी परततो तेव्हा वाट पाहून थकलेल्या ॲनीने बालमित्र फिलिपशी लग्न केलेले असते. ईनॉक खिडकीतून तिचा भरला संसार पाहतो आणि गप्प राहतो. अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथने १९११मध्येच त्यावर मूकपट काढला. १९४०च्या ‘माय फेव्हरिट वाइफ’मध्ये हॉलिवुडने हीच कथा उलटी करून हसवले: तिथे हरवते ती बायको, आडनाव मात्र आर्डनच. ती परत येते आणि धडधडीतपणे आपला हक्क मागते. त्या विनोदी चित्रपटात बाईला जेवढे बोलू दिले आहे, तेवढे शोकांतिकांनी दिलेले नाही.

गोव्यात या कथेने रडवलेच. कुडचड्याचे संगीतकार फ्रँक फर्नांड यांनी १९६६ साली ‘निर्मोण’ हा कोकणी चित्रपट काढला, त्याचा आधार हेच काव्य. दिग्दर्शक ए. सलाम, भूमिका शालिनी मार्डोळकर आणि सी. आल्वारिस यांच्या. पुढच्याच वर्षी सलाम यांनी ‘तकदीर’ या नावाने तो हिंदीत केला, नायिका पुन्हा शालिनीच. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची कथा इथे परकी वाटण्याचे कारणच नव्हते. बारदेस-सासष्टीच्या किती घरांचा कर्ता पुरुष तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होता, हे गोव्यात कुणाला सांगावे लागत नाही.

आमच्या पेडण्याची वाट बोटीची नव्हती. इथला माणूस तेरेखोल नदी ओलांडून सावंतवाडीमार्गे मुंबईला चाकरीला जायचा. १५ ऑगस्ट १९५५ला सीमेवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. भारताची आर्थिक नाकेबंदी आधीपासून होतीच, आता सीमाही बंद झाली. नदीच्या पलीकडचे आरोंदा दिसायचे, पण जाता यायचे नाही. घरी पैसे धाडण्यावर बंधने आली. डिसेंबर १९६१पर्यंत हे चालले. अशा वेळी पत्र आले नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा? माणूस अडकला, आजारी पडला, की त्याने तिकडेच दुसरे बिऱ्हाड केले? ‘निर्मोण’ पडद्यावर आला तेव्हा गोवा मुक्त होऊन पाचच वर्षे झाली होती. वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या प्रेक्षकांना शिकवावे लागले नसेल.

कायद्याने या वाट पाहण्याला मुदती घातल्या. गोव्यात लागू झालेल्या १९१०च्या पोर्तुगीज घटस्फोट कायद्यात चार वर्षे ठावठिकाणा नसणे हे घटस्फोटाचे कारण होते, १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षे. पराशरस्मृतीने तर पती बेपत्ता झाल्यास स्त्रीला दुसरा पती करण्याची मुभा फार पूर्वीच दिली होती. विद्यासागरांनी त्याच वचनावर विधवाविवाहाची बाजू उभी केली. तरीही घराघरांत बेपत्ता माणसाची बायको ना सवाशीण ना विधवा अशी लटकत राहिली, कारण तिच्या वतीने ठरवणारे नेहमी दुसरेच असत. ईनॉकही त्यातलाच. त्याचे मन मोठे आहे, हे मी मान्य करतो. पण ॲनीने काय सोसावे आणि काय जाणावे, हे तो एकटाच ठरवतो.

दशावतार पाहत वाढलेल्या पेडणेकराला नळ-दमयंती आठवायलाच हवी. तिथेही नवरा सोडून जातो, रूप बदलून बाहुक होतो, गप्प राहतो. पण दमयंती त्याचा माग काढायला माणसे धाडते, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवते, बाहुकाच्या हातचे अन्न चाखून खात्री करते. मग त्याला समोर उभे करून जाब विचारते. व्यासांची नायिका टेनिसनच्या नायिकेहून मला किती तरी आधुनिक वाटते.

मरताना ईनॉक घरमालकीण मिरियम लेनला सांगतो की मी गेल्यावर ॲनीला कळव. काव्य त्याच्या थाटाच्या अंत्ययात्रेवर संपते. ॲनीला ते कळल्यावर काय झाले, टेनिसनने लिहिले नाही. फिलिपशी झालेले आपले लग्न खरे की खोटे, त्याच्यापासूनचे मूल कोणाचे, त्याच गावात रोज वावरणारा माणूस आपल्याला का दिसला नाही, हे प्रश्न तिने कोणाला विचारायचे? ‘निर्मोण’ पुन्हा कोणी काढणार असेल, तर त्याने तिथून सुरुवात करावी. शालिनी मार्डोळकरांसारखी अभिनेत्री मिळाली, तर तो चित्रपट मी पेडण्याहून मुंबईला जाऊनही पाहीन.