बिनसाखरेचा हुकूम

कॉमर्सच्या पदवीधराने कॉम्प्युटरच्या पोटात शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण २०११ साली भाच्याने आमच्या घरच्या कॉम्प्युटरवरचे डेबियन लिनक्स पाचव्या आवृत्तीवरून सहाव्या आवृत्तीवर न्यायला घेतले, आणि मालक म्हणून मला शेजारी बसवले.

मध्येच गाडी अडली. "मामा, जुन्या स्क्रिप्टा मागे राहिल्यात!"

स्क्रिप्ट म्हणजे यंत्र सुरू होताना कोणाला कसे उठवायचे, याचा लेखी हुकूम. पूर्वी हे उठणे नंबरवार असे. वीस नंबरवाला आधी, तीसवाला मागाहून. थोडक्यात, आमच्या बँकेतली सेवाज्येष्ठता! सहाव्या आवृत्तीत नियम बदलला. ज्याच्यावाचून दुसऱ्याचे अडते, तो आधी. (बँकेत हा नियम आला तर पहिला मान चहावाल्या पोऱ्याचा.) आपल्याला आधी कोण लागतो, ते प्रत्येक स्क्रिप्टने माथ्यावर लिहून द्यायचे. या जुन्या मंडळींमुळे यंत्र नव्या नियमावर जायलाच तयार होईना.

"अरे, पण ते प्रोग्रॅम तर केव्हाच काढले ना?"

"काढलेत, पुसले नाहीत," भाचा म्हणाला. "प्रोग्रॅम काढला तरी त्याचा हुकूम राहतो. त्यात मालकाने स्वतःच्या हाताने काही लिहिलेले असू शकते. ते न सांगता पुसायचे नाही."

"मग ते हुकूम रोज करतात काय?"

"उठतात, आपला प्रोग्रॅम जागेवर आहे का बघतात, आणि नसला की गुपचूप परत जातात. तक्रार नाही."

मी हातातला कप खाली ठेवला. अण्णांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आई रोज पहाटे साडेपाचला दोन कप आधण ठेवी, आरामखुर्चीकडे एकदा बघे आणि कपभर पाणी गुपचूप परत काढी. सासूबाईंना लहान पातेले आणून द्यावे, असे हिने सुचवले होते. मीही मान डोलावली होती. गॅस जळतो, हे माझे कॉमर्स!

भाच्याने जुन्या स्क्रिप्टा पुसल्या, आणि योग्यच केले. दुसऱ्याची वाट अडवणारे जुने जपण्यात काही पुण्य नाही. पण पुसण्याआधी तो एकेकीचे नाव वाचून मला विचारत होता, "पुसू?" निरुपयोगी काय, ते कोणीही सांगू शकतो. पुसायचा अधिकार मात्र ज्याने हुकूम लिहिला त्याचा. आईच्या आधणाने कोणाचेच अडत नव्हते, आणि तिथला मालक मी नव्हतो.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला उठून मी आरामखुर्चीत जाऊन बसलो. आईने वळून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "अण्णा बिनसाखरेचा घ्यायचे. तुलाही तसाच मिळेल."

तेव्हापासून मी बिनसाखरेचा चहा पितो आहे. तक्रार नाही.