अर्धा धडा पाठ करून आलात?

वह्या मिटा आणि इकडे बघा. सगळ्या वर्गाचे पेपर तपासले, उत्तर मात्र एकच: "न्यूझीलंडने १९८४ साली अनुदानं बंद केली, तिथली शेती सुधारली, आपणही बंद करावीत." एवढ्यावर मार्क हवेत? शेतीची पदवी घ्यायला आलात की घोषणा पाठ करायला?

तिथल्या मेंढीपालकाच्या उत्पन्नात सरकारी पैशाचा वाटा सुमारे ४० टक्के होता. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी तो काढून घेतला. पुढे काय झालं, हे एकाने तरी लिहिलं? जमिनीचे भाव कोसळले, कर्जाचं व्याज भडकलं, शेतकरी संसदेवर चालून गेले. तरी बहुतेक जण तगले. कारण त्याच सरकारने चलन मोकळं सोडलं, आयातीवरची बंधनं सैल केली आणि माल परदेशी विकण्यावर बंदी घातली नाही. सात कोटींवर मेंढ्या होत्या, आज तीन कोटीही नाहीत. पण एकेक कोकरू पूर्वीपेक्षा वजनदार भरतं. संख्येवर पैसा मिळायचा तेव्हा डोकी वाढवली, तो थांबला तेव्हा मांसाकडे बघितलं. हा झाला पूर्ण धडा.

आणि तू, शेवटच्या बाकावरचा, उभा राहा. गाव निफाड तालुक्यात ना तुझं? ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली, त्या आठवड्यात तुझे वडील लाल कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला गेले होते. तो कांदा चाळीत टिकत नाही, भाव पडला तरी विकावाच लागतो. हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन हातात काय उरलं, ते विक्रीच्या पट्टीवर बोट ठेवून तूच मला दाखवलंस. आणि पेपरात लिहितोस, "शेतकऱ्याने खुल्या बाजारात स्पर्धा करावी"? कुठल्या खुल्या बाजारात रे? बंदीच्या आधी त्याच वर्षी काही काळ ४० टक्के निर्यातशुल्क होतं, मे २०२४ मध्ये बंदी उठली तेव्हाही तेच. बापाचं नुकसान डोळ्यांनी बघूनही तुला प्रश्न पडला नाही, याचा मला राग आहे.

खत, वीज, पाणी, सगळी अनुदानं जमेस धरूनही भारतीय शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा आधार उणे निघतो, कारण बाजार अडवून त्याहून जास्त नेलं जातं; हे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने हिशेब मांडून दाखवलंय. शरद जोशींची शेतकरी संघटना 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत होती, ते याचसाठी. अनुदान काढायचं तर काढा, पण आधी बाजाराचं कुलूप काढा. एका हाताने गळा धरायचा आणि दुसऱ्या हाताने औषध द्यायचं, मग औषध महाग पडतं म्हणून तेवढंच बंद करायचं, याला सुधारणा म्हणत नाहीत.

उद्या तुमच्यातलेच काही कृषी अधिकारी होतील, तुमच्या सहीवर घरं चालतील. म्हणून सोडणार नाही. सोमवारी पेपर पुन्हा. पानावर दोन रकाने पाडा: सरकारने दिलं किती आणि बाजार अडवून नेलं किती. आणि तू, वडिलांची ती पट्टी घेऊन ये. सुरुवात तिच्यापासून करू.